जवळ बसवून सांगा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१ मे २०२४

प्रिय श्रीरंग,

पत्राच्या डोक्यावर जे जे लिहायचं असतं, नमस्कार, खुशाली, थोरामोठ्यांना काय आणि लहानांना काय, ते सगळं लिहिलं असं समज. शाळेत पत्रलेखनात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे ते यामुळंच.

आज महाराष्ट्र दिनाची सुट्टी. चिकलठाण्याची बस पकडायची नाही, कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासत बसायचं नाही, म्हणून कागद घेतला. तुमच्या फार्मवर सगळ्या पोरांचे फोन मालकीण हिल्डामावशींच्या कपाटात, आणि रविवारी बोलायचं ते त्यांच्याच फोनवर, स्पीकर लावून, त्या शेजारी बसलेल्या. इकडं आमच्या हॉलमध्येही अर्धी कॉलनी जमलेली. अशात माणूस बोलणार काय? जेवलास का, थंडी आहे का, आणि सगळ्यांना विचारलंय म्हणून सांग. गावातल्या पोस्टातून फार्मचं टपाल तूच आणतोस असं मागं म्हणाला होतास, तेव्हा हे पत्र तरी मधल्या हातांशिवाय तुझ्याकडं येईल.

आमच्या शेंडेफळाला तू जानेवारीत तिकडं सांभाळून घेतलंस म्हणून आई अजून तुझं नाव काढते. इंजिनिअर होऊन मंदार वर्षभर पंख्याकडं बघत पडला होता. तू मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला आलास, पोर्तुगालच्या डोंगरातले फोटो दाखवलेस, आणि म्हणालास की अर्धा दिवस बागेत काम, अर्धा दिवस मोकळा, राहणं-जेवण त्यांचं, जगभरची पोरं सोबतीला. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. बाबांना आधी पटत नव्हतं. पगार नाही तर ती नोकरी कसली, असं त्यांचं म्हणणं. मग तू म्हणालास, "काका, मी आहे ना तिथं," आणि विषय संपला.

आईला हिल्डा हे नाव नुसतं घेता येत नाही. मावशी लावलं की तिला हायसं वाटतं. मंदारच्या बॅगेतून तिनं मावशींसाठी हिमरूची शाल पाठवली होती, ती त्यांनी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर अंगावर घेऊन दाखवली. तेवढ्यावर आईनं त्यांना घरचं माणूस करून टाकलं.

इथलं विचारशील तर पाणी. नळ आठवड्यातून एकदा येतो आणि वेळ सांगून येत नाही. नव्या पाइपलाइनसाठी आपला रस्ता उकरलाय. पाणी येईल तेव्हा येईल, सध्या धूळ मुबलक आहे. जालना रोडला मात्र दर महिन्याला एक नवी इमारत उभी राहते आणि तिच्या पाटीवर चोवीस तास पाणी असं लिहिलेलं असतं. पुंडलिकमामा कन्नडहून आला होता. बसस्टँडपासून इथपर्यंत त्यानं अशा पाट्या मोजल्या आणि घरात पाऊल टाकताच आधी तांब्याभर पाणी मागितलं.

मागच्या रविवारी तू फोनवर आलास. तीन-चार आठवड्यांनी आलास. वरच्या कॅम्पवर झाडी तोडायला गेलो होतो म्हणालास, तिकडं रेंज नाही, खाली यायला मिळत नाही. मग काकूंचं विचारलंस, "आई कुठंय? झोपली का?" बाबा म्हणाले, "देवळात गेल्यात. बऱ्या आहेत." मी तिथंच होते. बाबा बोलले ते तू ऐकलंसच.

तुमच्या घराची काळजी करू नकोस. मी दर शनिवारी कुलूप काढते, झाडते, तुळशीला पाणी घालते. ते मी का करते असं विचारशील. ऊन फार आहे, म्हणून.

आता कामाचं. तू खाली उतरलास त्याच आठवड्यात मंदार वरच्या कॅम्पवर गेला असं मावशी सांगतात. तेव्हापासून त्याचा आवाज नाही. "तो मजेत आहे, रंगानं पार तांबूस झालाय," असं त्या हसून सांगतात. आई ऐकून हसते. मला हसू येत नाही. माझा स्वभावच संशयी आहे आणि कंपनी मला त्याचाच पगार देते. तू वर जाऊन त्याला एकदा बघून येशील का? रविवारी स्पीकरवर सांगू नकोस, गावातून मला फोन कर. नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय.

बाकी सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे.

तुझी,
मनू


छावणी, छत्रपती संभाजीनगर
२० मे २०२४

श्रीरंग,

हे पत्र चालताना वाचत असशील तर थांब आणि कुठंतरी बस. पोस्टाबाहेर बाक असेल, नाहीतर पायरी. खरं तर तुझ्या शेजारी कुणीतरी आपलं माणूस असायला हवं होतं. ते नाही, म्हणून मीच लिहितेय.

काकू गेल्या. तुझी आई गेली. पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात गेली.

सकाळी टँकर येणार होता. तुला माहितीये, काकूंच्या बादल्या सगळ्यांच्या आधी रांगेत लागायच्या. त्या दिवशीही लागल्या होत्या, पण टँकर आला तरी काकू आल्या नाहीत. शेजारच्या वच्छलाबाई बघायला गेल्या तर काकू तुमच्या दारातल्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांनी हाक मारली, मग हात लावला, मग मला बोलावलं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. नसावा हा शब्द डॉक्टरांचा आहे. तुला बरं वाटावं म्हणून मी त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही. चेहरा मात्र शांत होता, हे मी बघितलंय.

आता पुढचं नीट वाच, कारण ते मला स्वतःलाही नीट लिहायचंय.

आपल्याकडं लांबच्या माणसाला अशी बातमी फोनवर कुणी देत नाही. त्याच्या जवळच्याला सांगायची. मग त्यानं आधी बसवायचं, पाणी द्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि मग सांगायचं. तुझे अण्णा गेले तेव्हा तुला पुण्याहून आणलं ते आईला जरा बरं नाही असं सांगून, आणि स्टँडवर बाबा स्वतः उभे होते. तेव्हा काकू गेल्यावर सगळ्यांनी मिळून तेच ठरवलं. तिकडं तुझ्या जवळचं कोण? आई म्हणाली, "हिल्डामावशी आहेत की." मंदारला सांगायचं नाही असंही तिनंच ठरवलं. तो काकूंच्या मांडीवर वाढलेला, परक्या मुलखात कोसळेल म्हणून.

बाबांनी त्यांच्या ऑफिसातल्या इंग्रजीत फोन केला. मी शेजारी होते. "मॅडम, श्रीरंगची आई वारली. काइंडली त्याला आधी खाली बसवा, तुम्ही जवळ बसा, मग सांगा." मावशी फोनवर गहिवरल्या. बिचारा मुलगा, म्हणाल्या, मी त्याच्याजवळ बसते. तुला यायला वेळ लागणार म्हणून काकूंना घाटी दवाखान्याच्या शवागारात ठेवायची तजवीज बाबांनी करून ठेवली होती. संध्याकाळी मावशींचाच फोन आला. त्याला सांगितलं, म्हणाल्या. त्यानं धीरानं घेतलं, पण तो येऊ शकत नाही, पुढचं सगळं तुम्हीच करा असं त्याचं म्हणणं आहे. त्याला काही दिवस कुणाशी बोलायचं नाही, त्याला एकटं सोडा.

आणि आम्ही विश्वास ठेवला. आमच्यातल्या एकालाही असं वाटलं नाही की त्याच्याच तोंडून ऐकावं. दुःखातल्या माणसाला बोलायला लावू नये, एवढी आमची समजूत. त्याच संध्याकाळी बाबांनी अग्नी दिला. दहावा-तेरावा बाबांनीच केला. अस्थी पैठणला नेल्या. मुलगाच येत नाही तर कुणासाठी ठेवायच्या, म्हणून काही मागं ठेवलं नाही.

कॉलनीत तुझं नाव फार वाईट झालं. वच्छलाबाई तर दारात उभ्या राहून बोलायच्या, "लई शिकलं की आसंच व्हतंय. माय मेली तरी लेकरू जागचं हललं नाय. कुटं ठिवावं आसलं लेकरू?" त्यांना कुणी गप्प केलं नाही. मीही नाही. मी काय बोलले ते वच्छलाबाईंपेक्षा वाईट होतं आणि ते तुझ्याबद्दल मनापासून बोलले होते.

मग तो रविवार आला. तू हसत फोनवर आलास आणि विचारलंस, आई झोपली का.

हॉलमध्ये सगळे होते. आई, मी, वच्छलाबाई, त्यांची सून दीपमाला. बाबांच्या हातात फोन. तुझ्या आवाजावरून सगळ्यांना एकदमच कळलं. बाबांनी माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं, आणि ते म्हणाले देवळात गेल्यात. तू पुढं म्हणालास, "तिला सांगा, गणपतीला येतोच." बाबा म्हणाले, "सांगतो."

बाबांनी फोन खाली ठेवला. आधी वच्छलाबाईच म्हणाल्या, "त्याला ठावंच नाय वो. म्या काय काय बोलले त्या लेकराला." आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या. मी बाबांवर ओरडले. ते म्हणाले, "फोनवर कसं सांगू मी? त्याच्याजवळ कोण होतं? ती बाईच ना?" हे खरंच होतं. मग ठरलं की तू येशील तेव्हा समोर बसवून सांगायचं, तोवर कुणी बोलायचं नाही. मीही होकार दिला आणि तुला ते तुळशीचं पत्र लिहिलं. काल तू फोनवर म्हणालास, "मनू, पत्र मिळालं. आई सध्या रोज देवळातच असते का गं?" सगळे हसल्यासारखं हसले. मला नाही सहन झालं. म्हणून आज बाबांना न सांगता लिहितेय.

त्या बाईनं तुला का सांगितलं नाही? मला एकच कारण दिसतं. तू गेला असतास. तुझ्यावाचून तिचा हंगाम चालला नसता. आणि तिला कळून चुकलं होतं की आमच्या घरातलं कुणी तुला थेट विचारणार नाही. ते आम्हीच तिला शिकवलं होतं, काइंडली म्हणून.

आता मला झोप लागत नाही ती वेगळ्या गोष्टीनं. आत येणारी एवढी मोठी बातमी जी बाई पदराखाली दाबून हसत बसली, ती बाहेर येणारी बातमी सोडत असेल का? चार रविवार झाले, मंदारचा आवाज नाही, आणि गावातून तुझाही फोन आलेला नाही. तो मजेत आहे हे आम्हाला कोण सांगतं? तीच. तू धीरानं घेतलंस हेही तिनंच सांगितलं होतं.

तुला रडायलाही वेळ न देता काम सांगतेय, याची मला लाज वाटते. पण तिथं माझं दुसरं कुणी नाही. मंदारला तुझ्या डोळ्यांनी बघ. कुणी सांगितलेलं चालणार नाही. त्याला माझ्याशी दोन शब्द बोलायला लाव, मग तू विमानात बस. तिकीट मी काढते. तुझ्या आईचं जे काही तुझ्या हातून व्हायचं राहिलंय ते करायला मी तुझ्यासोबत पैठणला येईन.

मनू


छावणी, छत्रपती संभाजीनगर
१४ जून २०२४

श्री,

हे पत्र तू दिलेल्या पत्त्यावर, गावातल्या ज्या दुकानातून तू फोन केलास तिथं पाठवतेय. फार्मवर पाठवायची आता हिंमत नाही.

मतमोजणीच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी कंपनीत होते. कँटीनमधल्या टीव्हीपुढं सगळे गोळा झालेले, आवाज एवढा की मला जिन्यात जावं लागलं. पत्र वाचून तू आधी काय विचारशील याचा मी फार विचार केला होता. तू विचारलंस, "अग्नी कुणी दिला?" बाबांनी, म्हटलं. "बरं झालं," म्हणालास. मी जिन्यात बसले होते आणि माझ्या शेजारीही कुणी नव्हतं.

तू जे सांगितलंस ते मी अजून घरात कुणाला बोलले नाही. पाडव्याला त्या बाईनं तुला निरोप दिला की तुझ्या आईचा फोन आला होता, इकडं ऊन फार आहे, पाणी नाही, तू घाईनं येऊ नकोस, तिकडंच नीट राहा असं आई म्हणाली. श्री, तेव्हा काकूंना जाऊन आठवडा होत आला होता. खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, पण मेलेल्या बाईच्या तोंडी शब्द घालणारी नाही. आणि तो निरोप अगदी काकूंसारखा होता. त्या असंच म्हणाल्या असत्या. रविवारच्या फोनवर शेजारी बसून ती आमचं सगळं घर शिकली.

मग तू म्हणालास, "मी वर जातो. मंदारला घेऊनच खाली येतो." आणि आवाज बारीक करून सांगितलंस की चार दिवसांपासून वरच्या डोंगरात धूर दिसतोय, पाऊस नाही, सगळं वाळलंय, गावातले लोक म्हणतात रस्ता बंद केलाय. असं सांगून तू थांबलास. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबला होतास. थांब, उद्या जा, पोलिसांना घेऊन जा, असं काहीही मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "मग लगेच निघ."

त्यानंतर तुझा फोन नाही. दुकानाच्या नंबरवर मी रोज लावते. एक म्हातारा माणूस उचलतो, त्याच्या भाषेत खूप बोलतो, त्यात दोनदा श्रीरंग ऐकू येतं आणि बाकी मला कळत नाही. एकदा भाषांतराचं मशीन लावून बघितलं. त्यात गाडी, डोंगर, नाही, असे सुटे शब्द आले. मी ते बंद केलं. लिस्बनच्या वकिलातीला मेल केलाय, फोनही केला. एक बाई नीट बोलल्या, चौकशी करून कळवतो म्हणाल्या, म्हणून मी रोज त्यांना विचारते आणि त्या रोज तेच सांगतात.

परवा बुधवारी हिल्डाबाईचा फोन आला. रविवार सोडून ती कधी फोन करत नाही. बाबा अंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला. रोजच्यासारखी हसली नाही. तिनं विचारलं, "तुझ्या आईवडिलांजवळ कुणी आहे का?"

मी म्हटलं, मी आहे. "तू एकटीच?" हो. काय झालंय? ती म्हणाली, तुझ्या वडिलांनी मला शिकवलंय, आधी माणसाला बसवायचं, जवळच्यांना बोलवायचं, मग बोलायचं. रविवारी नेहमीच्या वेळी मी बोलेन, तोवर घरी जवळची माणसं बोलावून ठेवा. मी किंचाळले. मंदार कुठंय, श्रीरंग कुठंय, आत्ता सांग. तिनं फोन ठेवला. तेव्हापासून कुणी उचलत नाही.

बाबा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले, कुणाचा फोन म्हणाले. मी म्हटलं, कंपनीचा. श्री, एवढं सगळं होऊनही माझ्या तोंडून तेच निघालं. आई ओट्यापाशी होती, जवळ दुसरं कुणी नव्हतं, आणि मी एकटी त्या दोघांना कशी सांगणार होते? त्या क्षणी बाबांचं ते देवळात गेल्यात मला समजलं. माफ करता आलं नाही, पण समजलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी माणसं बोलवायला लागले. पुंडलिकमामा आणि मामी कन्नडहून शनिवारी येतील. दीपमालाला सांगितलं, रविवारी दुपारी वच्छलाबाईंना घेऊन ये. वाळूजहून चुलतबहीण मृण्मयीताई आणि तिचा नवरा. बाबांना बीपी आहे म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनाही चहाला यायला सांगितलं. कुणालाच कारण सांगितलं नाही. नुसतं या म्हटलं. मृण्मयीताई तेवढी काहीच न विचारता म्हणाली, "येते." तिनं ओळखलं असावं.

आईनंही ओळखलंय, पण उलटं. सकाळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "पोरगं येतंय का काय अचानक? तरीच एवढी माणसं. मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मी काही बोलले नाही, तर तिला तो होकार वाटला. बाजारातून शेवटचे केसर आंबे आणलेत. टँकरवाल्याला जास्तीच्या फेरीचं सांगून ठेवलंय. तुझ्या खोलीच्याही चादरी बदलायला पाठवलं मला, म्हणते दोघं बरोबरच येतील. मी गेले. चादरी बदलल्या. तुमच्या घरात बसून हे लिहितेय.

रविवारी काय कळेल याचे मी सगळे हिशेब करून बघितले. ती मंदारचं बोलेल किंवा तुझं, किंवा दोघांचं. मंदारचं असेल तर आमच्या घरी यायचंच. पण तुझं असलं तरी ते आमच्याच घरी येणार. तुझं आता दुसरं घर उरलेलं नाही. कदाचित ते काहीच नसेल. हाडं मोडली असतील, दवाखान्यात असाल, त्या बाईला उगीच मोठं करून सांगायची हौस असेल. असंही मी दिवसातून अनेकदा म्हणते.

हे पत्र पोचायला दोन आठवडे लागतात. तोवर मला जे कळायचं ते कळलेलं असेल. तरी लिहितेय, कारण हे वाचायला तू असलास तर एक गोष्ट मी तुला स्वतः सांगितलेली असायला हवी, दुसऱ्या कुणी जवळ बसवून नाही.

काल मी आपल्या छावणीतल्या देवळात गेले. वर्षात दोनदा जाणारी मी, हात जोडून उभी राहिले. दोघांना सुखरूप ठेव, असं म्हणायला गेले होते, घरून निघताना तसंच ठरवलं होतं. पण तोंडून निघालं, मंदारला ठेव. कुणाचं तरी घ्यायचंच असेल तर मंदारला ठेव. मी ते परत घ्यायचा प्रयत्न केला, पुन्हा हात जोडले, दोघांचं नाव घेतलं. पहिल्यांदा जे निघालं ते खरं होतं, हे मला माहीत आहे आणि देवालाही. तुझ्याविषयी मला काय वाटतं ते तुला दहावीपासून ठाऊक आहे, आपण दोघंही त्यावर कधी बोललो नाही. तरी मी हे मागितलं.

तू जिवंत असशील तर याचा राग धर, मी ऐकून घेईन. फोन कर आणि मला सरळ सांग, मंदार कुठंय. मी एकटी असेन तरी सांग. बसलीस का म्हणून विचारू नकोस.

तुला वर पाठवणारी,
मनस्विनी